बसऱ्याला गेलेले पणजोबा: गॅझेटिअर आणि लष्करी नोंदींतून पूर्वज कसा शोधावा

कोकणातल्या आणि देशावरच्या पुष्कळ घरांत एखादं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. "पणजोबा बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत." किंवा, "आजोबांचे वडील पलटणीत सुभेदार होते." त्यापुढे कुणाला काही सांगता येत नाही. पलटण कोणती, साल कोणतं, माणूस पडला कुठे, काहीच ठाऊक नसतं. घरात फोटो नाही, पत्र नाही, म्हणजे माहिती गेलीच, असं धरून लोक विषय सोडून देतात.

माझा अनुभव वेगळा आहे. साध्या शिपायाचीसुद्धा नोंद सापडू शकते, आणि ती घरबसल्या, फुकट सापडू शकते. अडतं ते शोधण्याच्या पद्धतीपाशी. नवखा माणूस संगणकावर आडनाव टाकतो, शेकडो नावं येतात किंवा एकही येत नाही, आणि तो थांबतो. शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाची ओळख आडनावाने नोंदलेली नसते. ती गाव, पलटण आणि नंबर या तीन गोष्टींनी नोंदलेली असते. या तिन्हींपैकी दोन हाती आल्या की तिसरी बहुतेक वेळा सापडते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन गोष्टी गोळा करण्यासाठीच आहेत.

लेखाचा भर जुन्या मुंबई इलाख्यावर आणि पहिल्या महायुद्धावर आहे, कारण मराठी घरांतल्या बहुतेक आठवणी तिथल्याच असतात. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर.

पहिली पायरी: घरातलं आधी

कुठल्याही संकेतस्थळावर जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. प्रश्न तारखांचे विचारू नका, घटनांचे विचारा. "कोणत्या साली गेले?" याला उत्तर मिळत नाही. "मानमोडीच्या साथीआधी गेले की नंतर?" याला मिळतं, आणि मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. तसंच पहिला मोठा प्लेग म्हणजे १८९६-९७, छप्पनचा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००. पणजी किती वर्षांची असताना विधवा झाली, तेव्हा पदरात किती मुलं होती, धाकटा मुलगा बापाने पाहिला होता का, यातून साल दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येतं.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि जसंच्या तसं लिहून काढा. "जंगी पलटण", "काळी पाचवी", "कूटचा वेढा" असे शब्द म्हातारी माणसं सहज बोलून जातात. ऐकणाऱ्याला त्यांचं मोल नंतर कळतं.

मग ट्रंका, देवघराचा खालचा कप्पा, कणगीमागची पेटी पाहा. शोधायची वस्तू म्हणजे पदक. पहिल्या महायुद्धानंतर दिलेलं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि काशाचं व्हिक्टरी मेडल, या दोन्हींच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५च्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हीच माहिती पाठीमागे असते. म्हणजे कडेवरच्या बारीक अक्षरांच्या एका ओळीत तुम्हाला हवं ते सगळं आहे. एक कळकळीची विनंती: हे पदक देवाच्या भांड्यांसोबत चिंचेने किंवा पावडरीने घासू नका. कडेची अक्षरं झिजली की संपलं. भिंग घ्या, बाजूने उजेड पाडा आणि फोटो काढा. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या पदकांवरही बऱ्याचदा नाव असतं, तेव्हा तीही तपासा.

डिस्चार्जचा कागद मिळाला तर आणखी चांगलं. त्यात भरतीची तारीख, गाव, तालुका, अंगावरच्या खुणा असतात. पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरची पावती, गणवेशातला फोटो, यातलं काहीही टाकू नका. फोटोची मागची बाजू बघायला विसरू नका.

दुसरी पायरी: गाव पक्कं करा

"आमचं गाव खेड" एवढ्याने भागत नाही. एक खेड रत्नागिरी जिल्ह्यात, दुसरं पुणे जिल्ह्यात, जे आज राजगुरुनगर म्हणून ओळखलं जातं. कर्जत रायगडातही आहे आणि नगरकडेही. गाव, तालुका आणि जिल्हा अशी तिन्ही नावं *त्या काळातली* लिहून काढा.

जिल्हे बदलले आहेत. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा, नाव १९८१मध्ये बदललं. सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून १९१६ची मालवणच्या शिपायाची नोंद 'रत्नागिरी' अशीच असणार. सांगली १९४९ला दक्षिण सातारा म्हणून निघाला. जळगाव आणि धुळे म्हणजे पूर्व आणि पश्चिम खानदेश, आणि १९०६पूर्वी नुसता खानदेश. शिवाय मध्ये मध्ये संस्थानं होती: सावंतवाडी, भोर, फलटण, औंध, जत, जंजिरा, कोल्हापूर. तुमचं गाव संस्थानात असेल तर नोंदीत जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव येतं, आणि कागदही वेगळ्या दप्तरात जातात.

तिसरी पायरी: गॅझेटिअर

१८७० ते १९००च्या दशकांत मुंबई सरकारने 'गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी' नावाची, जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारी खंडमाला काढली. संपादक होते जेम्स कॅम्पबेल. जिल्ह्याचा खंड ओळखायला सोपा आहे: रत्नागिरी-सावंतवाडी १०वा, कुलाबा-जंजिरा ११वा, खानदेश १२वा, ठाणे १३वा आणि १४वा, नाशिक १६वा, अहमदनगर १७वा, पुणे १८वा, सातारा १९वा, सोलापूर २०वा, बेळगाव २१वा, कोल्हापूर २४वा. मुंबई शहराचे तीन खंड १९०९च्या सुमारास वेगळे निघाले. विदर्भाचे खंड मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या मालिकेत आहेत. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो या मालिकेत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटिअर) विभागाने जुने खंड पुन्हा छापले आहेत आणि संकेतस्थळावरही ठेवले आहेत. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर मूळ खंडांच्या स्कॅन केलेल्या प्रती मिळतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. यात तुमच्या पणजोबांचं नाव मिळणार नाही. संस्थानिक, मोठे इनामदार, किल्लेदार यांची नावं असतात, शिपायांची नसतात. मग वाचायचं कशाला? कारण त्या माणसाच्या आयुष्याची चौकट इथेच मिळते, आणि ती कळली की पुढचे कागद कुठे शोधायचे ते कळतं.

सगळा खंड वाचू नका. शेवटच्या 'ठिकाणे' प्रकरणापासून सुरुवात करा. गावं इंग्रजी वर्णानुक्रमाने असतात. तुमचं गाव लहान असेल तर जवळचा बाजार, बंदर, किल्ला, छावणी पाहा. दापोलीचं उदाहरण घ्या. १८१८नंतर तिथे लष्करी छावणी आली, पुढे पेन्शनर शिपाई वस्तीला राहिले, म्हणून आजही लोक 'कॅम्प दापोली' म्हणतात. मंडणगड, खेड, दापोली भागातली इतकी घरं पलटणीत का गेली, याचा बराच उलगडा तिथेच होतो.

त्यानंतर लोकसंख्येचं प्रकरण. पोटासाठी माणसं कुठे जात होती, मुंबईला, पोलिसात की पलटणीत, हे त्यात असतं. इथे सावध राहा. जातींबद्दलचे शेरे त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि त्यांना माहिती पुरवणाऱ्यांच्या पूर्वग्रहांनी भरलेले आहेत. एका अख्ख्या जातीला आळशी किंवा लबाड म्हणून मोकळे होतात. पोशाख, धंदा, स्थलांतर, सण यांची माहिती घ्या, स्वभावाची वर्णनं तिथेच सोडा. आपल्या पूर्वजाबद्दलचं मत त्या ओळींवरून बनवू नका.

तिसरं, आणि बहुतेक लोक वगळतात ते, जमीन महसुलाचं प्रकरण. तुमच्या तालुक्याची पहिली मोजणी आणि आकारणी कधी झाली ते यात असतं. सर्व्हे नंबरांचे कागद त्या सालापासून पुढेच मिळणार. कोकणात आणखी एक पेच आहे. गाव खोती होतं का, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या खोताकडे होतं का, हे बघा. खोती गावात जमीन खोताच्या नावे आणि तुमचा पूर्वज कूळ म्हणून, त्यामुळे मालकांच्या यादीत त्याचं नाव शोधून उपयोग नाही. खोती उठवणारा कायदा १९४९चा आहे.

चौथी पायरी: पलटणीचा नंबर उलगडणे

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथेच गोंधळतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. एकाच पलटणीला तीन काळांत तीन नावं आहेत.

१९०३पूर्वी मुंबईच्या सैन्याच्या पलटणींना स्वतःचे क्रमांक होते: तिसरी, पाचवी, दहावी बॉम्बे इन्फन्ट्री. १९०३मध्ये लॉर्ड किचनेरने साऱ्या हिंदी सैन्याचे क्रमांक एकत्र लावले, तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या आकड्यात १०० मिळवले गेले. तिसरीची १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, पाचवीची १०५वी, दहावीची ११०वी. चौदावी, सोळावी आणि सतरावी या ११४, ११६ आणि ११७वी मराठा झाल्या. मग १९२२मध्ये या सहा पलटणी मिळून '५वी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही रेजिमेंट बनली आणि जुन्या पलटणी तिच्या बटालियन झाल्या: १०३वी पहिली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी, आणि ११४वी प्रशिक्षणाची दहावी. केंद्र बेळगावला. आजची मराठा लाइट इन्फन्ट्री हीच.

म्हणून घरात "पाचवी" ऐकलंत तर विचारा, कोणत्या काळातली? १८९०मधली पाचवी बॉम्बे, १९३०मधली ५वी मराठा रेजिमेंट आणि तिचीच पाचवी बटालियन, ही तीन वेगळी उत्तरं आहेत. टोपणनावं इथे खूप मदत करतात. 'जंगी पलटण' म्हणजे १०३वी, 'काळी पाचवी' म्हणजे १०५वी. फोटोत टोपीवर बिगुलाचं चिन्ह दिसलं तर लाइट इन्फन्ट्रीचा माणूस असण्याचा संभव मोठा.

मराठी माणसं फक्त मराठा पलटणींत नव्हती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्करी इंजिनिअरांच्या दळात) होती, रस्ते-खंदक बांधणाऱ्या पायोनिअर पलटणींत होती, खेचरांच्या दळात, दवाखान्यांत डोलीवाले म्हणून, पाणी वाहणारे भिस्ती, स्वयंपाकी लांगरी, घोडे सांभाळणारे सईस म्हणूनही होती. मराठा पलटणींत दखनी आणि कोकणी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. कुलाब्यातल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) घरांतून मुंबईच्या सैन्यात कितीतरी देशी अधिकारी झाले.

महार घराण्यांसाठी तारखा फार महत्त्वाच्या आहेत. मुंबईच्या सैन्यात महार शिपाई कंपनीच्या काळापासून होते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत आणि त्यात 'नाक' हा प्रत्यय लागलेली महार नावं स्पष्ट वाचता येतात. १८९२च्या सुमारास ही भरती बंद करण्यात आली. पहिल्या महायुद्धात १९१७ला १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ला मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावला सुरू झाली. म्हणजे घरातली आठवण १८८५ची आहे की १९१८ची, यावर शोधाची सगळी दिशा ठरते.

हुद्द्यांबाबतही डोळे उघडे ठेवा. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर अशी चढण होती. त्यातला जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार. घरच्या आठवणीत माणूस एक-दोन पायऱ्या वर चढलेला असतो. जमादार आणि वरच्यांची नावं त्या काळच्या छापील 'इंडियन आर्मी लिस्ट'मध्ये पलटणीखाली, नेमणुकीच्या तारखेसह येतात. यांपैकी बरेच अंक इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. "सुभेदार होते" हे खरं की नाही, ते तिथे लगेच कळतं.

पाचवी पायरी: युद्धात गेलेल्यांची यादी

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या सैनिकांच्या नोंदी सांभाळते. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत मरण आलं असेल तरच नाव मिळेल. रोगाने गेलेलेही यात येतात, अनुचर म्हणजे सैन्यासोबतचे नोकरही येतात. संकेतस्थळावरचा शोध मोफत आहे.

आता ज्यासाठी आधीच्या चार पायऱ्या केल्या, ते करा. आडनावाची चौकट रिकामी ठेवा. रेजिमेंटच्या चौकटीत पलटण टाका, सैन्य 'इंडियन' निवडा, आणि अधिक माहितीच्या चौकटीत तालुका किंवा जिल्हा लिहा. बऱ्याच भारतीय नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, रत्नागिरी' अशी ओळ असते. समजा घरात "जंगी पलटण, बसरा, गाव खेड तालुक्यात" एवढंच ठाऊक आहे. तर १०३वी मराठा आणि खेड या दोन गोष्टींवर जी यादी येईल ती एक एक करून वाचा. बापाचं नाव आणि गाव जुळलं की माणूस सापडला.

स्पेलिंगमुळे हार मानू नका. लिहिणारा कारकून कानाला ऐकू आलं तसं लिहीत होता. 'व'साठी कधी व्ही, कधी डब्ल्यू. 'अ'साठी कधी ए, कधी यू. 'ळ' बहुतेक ठिकाणी एल होतो, म्हणून चिपळूणचं चिपलून. पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे. मराठा या शब्दातही 'ह' घुसवून 'माहराटा' लिहीत. पुष्कळ शिपायांना आडनावच लावलेलं नसतं, नुसतं स्वतःचं आणि बापाचं नाव. आडनावं बदलतही असत. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी आणि आजोबा मालोजी दोघेही मुंबईच्या सैन्यात होते. घराणं सकपाळ, मूळ गाव आंबडवे, त्यावरून शाळेत आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. नुसत्या आडनावावर चालणाऱ्या शोधकाला एका घरातल्या या दोन पिढ्यांचा दुवाही लागणार नाही.

मृत्यूची तारीख नीट वाचा, ती बोलते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. २२ ते २५ नोव्हेंबर १९१५ची तारीख असेल तर बहुधा बगदादजवळची टेसिफोनची लढाई. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कूट-अल-अमारा शहराला तुर्कांचा वेढा होता, शेवटी घोड्याचं मांस खाऊन माणसं जगत होती. २९ एप्रिलनंतरची तारीख असेल तर तुमचा माणूस कदाचित युद्धकैदी होता. वाळवंटातून उत्तरेला चालवत नेलेल्या आणि रास-अल-ऐन भागात रेल्वेच्या कामाला जुंपलेल्या कैद्यांपैकी फार मोठा हिस्सा परतला नाही. घरातलं "बसऱ्याला गेले" हे वाक्य या सगळ्याला मिळून आहे. जहाज बसऱ्याला लागत होतं, म्हणून गावाला ठाऊक झालं ते नाव बसऱ्याचं.

नोंदीत स्मारक म्हणून 'बसरा मेमोरियल' दिसेल. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या ४०,०००हून अधिक सैनिकांचं हे स्मारक १९२९मध्ये उभं राहिलं. १९९७मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आलं. त्याच्या भिंतीवर इंग्रज शिपायांची नावं कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा आहे: आणखी इतके हिंदी सैनिक. त्यांची नावं फक्त कागदावरच्या नोंदवहीत राहिली. २०२१मध्ये कमिशनने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. तुमच्या पणजोबांचं नाव दगडावर नसलं तरी वहीत असू शकतं, आणि तीच वही आज ऑनलाइन शोधता येते, हे लक्षात ठेवा.

नाव मिळाल्यावर दोन ठिकाणी आणखी जा. लंडनमधल्या क्यू इथल्या, ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या युद्धरोजनिशा आहेत, त्यातल्या मेसोपोटेमियाच्या डिजिटल स्वरूपात मिळतात. त्यात शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्याच्या मृत्यूच्या दिवशी पलटण नेमकी कुठे होती, पाऊस होता का, रसद होती का, हे तासागणिक वाचता येतं. दुसरं, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात युद्धरोजनिशींना जोडलेल्या मृत-जखमींच्या याद्या आहेत. त्यांच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर आधी शोधून बघा. दिल्लीची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन पहिल्या महायुद्धातल्या भारतीयांवर अनेक वर्षं काम करते आहे, नेमका प्रश्न विचारला तर तिथले अभ्यासक वाट दाखवतात.

काही वर्षांपूर्वी लाहोर संग्रहालयातल्या लाखो सैनिकांच्या नोंदवह्या ऑनलाइन आल्याची बातमी होती. ती पंजाबच्या गावांची आहे. महाराष्ट्रातल्या शिपायासाठी तिथे वेळ घालवू नका.

सहावी पायरी: परत आलेला माणूस

जिवंत परतलेला माणूस शोधणं अधिक अवघड. वरच्या यादीत तो नाही, आणि साध्या हिंदी शिपायांच्या सेवापुस्तिका बहुतांशी जपल्या गेल्या नाहीत. इथे पदक, डिस्चार्जचा कागद आणि गाव यांच्यावरच भिस्त.

गावात एक संगमरवरी किंवा काळ्या दगडाची पाटी शोधा. शाळेच्या भिंतीत, चावडीत, जुन्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ती असते. १९१४-१९१९च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर असतो. नावं नसतात, पण आकडा फार उपयोगी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं, अशा गावांत तर एका घराची हकीकत दुसऱ्या घराकडून मिळते. एकाच वाडीतली पोरं बहुधा एकाच पलटणीत भरती होत, कारण भरती करणारा त्याच गावचा हवालदार असे. म्हणून भावकीतल्या, शेजारच्या घरातल्या पदकाची कडही वाचा. त्यावरून तुमची पलटण कळू शकते.

दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकासाठी वाट सोपी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या फायली असतात, कारण त्या युद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना राज्य सरकार मानधन देत आलं आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावलाच आहे. पत्र लिहिताना नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका आणि तुमचं नातं सिद्ध करणारा कागद जोडा. नंबर नसलेल्या पत्राला उत्तर येण्याची आशा कमी. आणि लक्षात ठेवा, नंबर त्या त्या रेजिमेंटपुरता असतो, तोच आकडा दुसऱ्या पलटणीतही दुसऱ्या कुणाचा असू शकतो.

सातवी पायरी: गावचे कागद

लष्करी नोंद म्हणजे अर्धं काम. तो माणूस तुमचाच पणजोबा होता, हे गावच्या कागदांनी सिद्ध होतं. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचं रजिस्टर, मागा. त्यानंतर फेरफार. बाप गेल्यावर जमीन मुलांच्या किंवा विधवेच्या नावावर चढली त्याची नोंद फेरफारात असते. मृत्यूचं साल लष्करी नोंदीशी जुळलं तर शंका उरत नाही. लढाईतल्या कामगिरीबद्दल मिळालेल्या 'जंगी इनामा'चा उल्लेख दिसला तर तो कागद जपून ठेवा. 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. प्राथमिक शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर मुलांच्या पिढीसाठी बघा, बापाचं नाव, गाव आणि जात तिथे असते.

२०२३नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्हा प्रशासनांनी हजारो जुनी पानं स्कॅन करून आपल्या संकेतस्थळांवर घातली. तुमचा हेतू कोणताही असो, ती पानं तुमच्याही कामाची आहेत.

जुने कागद बहुतेक मोडीत आहेत. मोडी शिकणं वाटतं तितकं कठीण नाही. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ वर्ग घेतं. सालं बदलून घ्यायची रीत पाठ करा: शके असेल तर ७८ मिळवा, फसलीत ५९०, आणि पेशवेकाळातल्या सुहूर सनात ५९९. वर्षाच्या महिन्यानुसार एकाचा फरक पडतो.

दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारात येतात आणि घराण्याची वंशावळ सांगतात. नाशिक, त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या पूर्वजांच्या भेटीची नोंद असू शकते, कधी त्यांच्याच सहीची. गाव आणि मूळ आडनाव सांगितलं की ते वही काढतात.

शिवकाळ आणि पेशवाईतल्या शिलेदार-बारगिरांपर्यंत मागे जायचं असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर आणि कोल्हापूरचं पुराभिलेखागार. तिथे पागा, पथकं, वतनं यांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. पण वतन, इनाम किंवा देशमुखी-पाटीलकी नसलेल्या घराला तिथे धागा मिळणं फार कठीण, आणि १८८०पर्यंतची साखळी पक्की झाल्याशिवाय तिकडे वळू नये असं माझं ठाम मत आहे. मधले दुवे नसताना तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या सरदाराशी नातं जोडण्याचा मोह होतो, आणि तिथे वंशावळ खोटी व्हायला लागते.

आठवी पायरी: लिहून ठेवणे आणि दुरुस्ती मागणे

प्रत्येक माहितीसमोर ती कुठून आली ते लिहा: कोणी सांगितली, कोणत्या तारखेला, कोणत्या रजिस्टरचं कोणतं पान. आठवण आणि कागद वेगवेगळ्या रकान्यात ठेवा. दोघांत विरोध असेल तर दोन्ही तसेच ठेवा, एक खोडून टाकू नका. भरतीच्या कागदातलं वय बहुधा चुकीचं असतं, पोरं वय वाढवून किंवा कमी करून सांगत.

वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत गावाचं नाव चुकलं असेल, बापाचं नाव राहिलं असेल, किंवा युद्धात गेलेल्या माणसाची नोंदच नसेल, तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्जासोबत पदकाच्या कडेचे फोटो, फेरफाराची किंवा नमुना १४ची साक्षांकित प्रत, तिचं इंग्रजी भाषांतर, आणि तुमच्यापर्यंतची वंशावळ जोडा. एका पानात सारांश लिहा: नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, गाव, आणि कोणता कागद काय सिद्ध करतो. उत्तर यायला महिने लागू शकतात. मधल्या काळात त्याच कागदांचा एक संच ग्रामपंचायतीत आणि एक गावच्या शाळेत देऊन ठेवा, कारण त्याच पाटीवरच्या आकड्यातल्या उरलेल्या माणसांची घरंही अजून गावातच आहेत.